थिएटरात अंगावर येणारा काटा घरी का येत नाही?

प्रश्न असा होता: "मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाण्यांपेक्षा पिक्चरचं बीजीएम, म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक, जास्त ऐकतो, मित्र त्यावरून चिडवतात. मोठा पिक्चर आला की पहिल्या दिवशीचा शो ठरलेला. थिएटरात अक्षरशः अंगावर काटा येतो, पण तोच ट्रॅक घरी मोबाइलवर किंवा इअरफोनवर लावला की फुसका वाटतो. इंटरस्टेलरच्या ऑर्गनचं तर इतकं वेड होतं की अलार्मलाही तोच लावला होता, आता तोही बोअर होतोय. पाच-सहा हजारांत सबवूफर घेतला तर फरक पडेल का? की माझं वेडच ओसरतंय?"

दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते, चालवून घे.

मी नाशकात गेली बावीस वर्षं नाटकांचं पार्श्वसंगीत करते. बहुतेक हौशी नाटकं, राज्य नाट्य स्पर्धेची, इथल्या कालिदास कलामंदिराला होणारी. मध्ये काही लघुपट आणि दोन-तीन माहितीपटही केले. मोठ्या सिनेमाला संगीत दिलेलं नाही, हे आधीच सांगते. त्यांच्याकडे शंभर वादक असतात, माझ्याकडे एक कीबोर्ड, एक लॅपटॉप आणि वेळ मिळाला तर येणारे बासरीवाले दादा. पण समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा आणायचा, हे काम दोन्हीकडे एकच.

तू विचारलंयस सबवूफरबद्दल, म्हणजे खास खर्जासाठीच्या स्पीकरबद्दल. खरा प्रश्न आहे तो काटा कशाने येतो. तो नुसत्या आवाजाने येत असेल तर दुकान गाठ आणि सबवूफर घेऊन ये. माझा अनुभव असा, की आवाजाचा वाटा असतो, पण तुला वाटतोय तेवढा नाही.

आधी आवाजाचंच बघू. विसर्जनाच्या मिरवणुकीत तू रविवार कारंजावर कधीतरी उभा राहिला असशीलच. पथक जवळ आलं की ढोल आधी छातीत वाजतो आणि मग कानात. आता त्याच मिरवणुकीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घरी लाव. काय ऐकू येतं? ताशाची कडकड, झांजा आणि ढोलाच्या जागी टाक-टाक. ढोलाचा खर्ज गेला कुठे? मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. खर्जाला हवा हलवावी लागते आणि नखाएवढा पडदा किती हवा हलवणार? तुझ्या ऑर्गनचं तेच होतं. २०१४ च्या त्या चित्रपटासाठी लंडनच्या टेंपल चर्चमधला खरा पाइप ऑर्गन वाजवून घेतलाय. त्याचे खालचे सूर कानापेक्षा खुर्चीतून जास्त कळतात. इअरफोनवर ते कानाला ऐकू येतात खरे, पण छातीला आणि खुर्चीला त्यांचा पत्ता नसतो.

दुसरं, थिएटरात आवाजाची पातळी मापून लावलेली असते. पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलची संदर्भ-पातळी ८५ डेसिबल, त्यावर उसळीला आणखी २० डेसिबल जागा, आणि खर्जाचं जे वेगळं चॅनेल असतं ते त्याहून १० डेसिबल वर जाऊ शकतं. प्रत्यक्षात बरीच थिएटरं आवाज यापेक्षा खाली ठेवतात, पण मिक्स करणारा हेच गणित धरून बसलेला असतो. तू घरी रात्री अकराला, आई झोपलेली असताना, आवाज किती ठेवणार? आणि आपल्या कानाची एक खोड आहे. आवाज कमी केला की सगळं सारखं कमी होत नाही, खर्ज जास्त कमी झाल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणजे तुझ्या खोलीत ट्रॅक निम्म्या आवाजाला वाजत असला, तर त्यातला खर्ज तुझ्या कानाला निम्म्याहून कितीतरी कमी पोचतोय.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मग सबवूफर घ्यायलाच हवा की. थांब जरा.

एक किस्सा सांगते. एका दोन अंकी नाटकाला माझं संगीत होतं. वडिलांचं घर विकायला आलेल्या मुलीची गोष्ट. शेवटच्या प्रवेशात ती रिकाम्या घरात एकटी उभी असते, तिथे मी खाली एक अगदी खोल, जेमतेम ऐकू येईल असा खर्ज ठेवला होता आणि त्यावर चार सुरांची एक छोटी धून. कालिदासला तो प्रवेश दर वेळी जमायचा. हॉलमध्ये असा सन्नाटा पसरायचा की मागच्या रांगेतल्या कुणाच्या बांगड्या वाजल्या तरी बूथमध्ये कळायचं. मला मनातून खात्री होती की ही सगळी त्या खर्जाची करामत. तीन रात्री जागून तो तयार केला होता ना!

मग एका तालुक्याच्या गावी प्रयोग लागला. हॉलमध्ये साउंड सिस्टिम म्हणजे भिंतीवर टांगलेले दोन कॉलम, भाषणाला ठीक असतात तसले. तालमीत मी खर्ज वाजवून बघितला, काहीच नाही. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर नेला तर कॉलम नुसते खरखरले. मी नेपथ्यवाल्याशी भांडले, चहासुद्धा घेतला नाही, आणि शेवटी खर्ज काढूनच टाकला. राहिली नुसती चार सुरांची धून, तीही पातळ. म्हटलं, आज हा प्रवेश मेला.

तो मेला नाही. तोच सन्नाटा. एक बाई पदर तोंडाला लावून बसलेल्या मला बूथमधून दिसत होत्या.

परतीच्या एसटीत विचार करत होते, मग लक्षात आलं. ती चार सुरांची धून पहिल्या अंकात येऊन गेली होती. आई वाळलेले कपडे घडी करताना ती सहज गुणगुणते. तिथे ती इतकी सहज येते की प्रेक्षकाला आपण काही ऐकलं हेही कळत नाही. नंतर एकदा बासरीवर, आई आजारी असताना. मग मध्ये चाळीस मिनिटं काहीच नाही. शेवटी ती आली तेव्हा प्रेक्षकाच्या आत ती आधीच बसलेली होती. मी नुसती हाक मारली. हाक कॉलमवरून मारली काय आणि भल्या मोठ्या सबवूफरवरून मारली काय, ओ देणारा आतच होता.

हेच सगळ्या मोठ्या चित्रपटांत चाललेलं असतं, फक्त तू त्याकडे लक्ष दिलेलं नाहीस. लक्ष जाऊ नये अशीच ती योजना असते. १९७५ चा जॉज घे, माणसांवर हल्ला करणाऱ्या शार्कचा. संगीतकार जॉन विल्यम्सची ती दोन सुरांची धून सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात एक प्रसंग असा आहे: समुद्रात शार्कच्या पाठीवर असतो तसा पर दिसतो, लोक किंचाळत किनाऱ्याकडे धावतात, आणि ती धून वाजत नाही. कारण तो शार्क नसतो, दोन पोरांनी पुठ्ठ्याचा पर लावून केलेली चेष्टा असते. म्हणजे संगीत तुझ्याशी खोटं बोललं नाही. नुसत्या ऐकण्यातून तू शिकलास की धून वाजली तरच शार्क. आणि तू हे शिकलास याची खात्री झाल्यावर पुढे एकदा शार्क धून न वाजवताच तोंड वर काढतो, तेव्हा थिएटरभर लोक दचकतात. नियम आधी मनात बसवला म्हणून तो मोडता आला. ही करामत तुला अल्बममध्ये कशी ऐकू येणार? अल्बममध्ये धून आहे, धून न वाजलेला प्रसंग नाही.

अल्बमबद्दल आणखी एक. आपण जो ट्रॅक ऐकतो तो बरेचदा चित्रपटात वाजलेला जसाच्या तसा नसतो. दोन-तीन तुकडे जोडून, सलग ऐकायला बरं वाटावं म्हणून नव्याने बांधलेला असतो. चित्रपटात त्यावर संवाद, पाऊस, टायरचे आवाज असतात, आणि संगीतकाराने त्यांच्यासाठी जागा सोडलेली असते. मी संगीत करताना नटाचा आवाज ज्या पट्टीत आहे तिथे काहीही वाजवत नाही, एकतर त्याच्या खाली जाते नाहीतर वर. नट काढून घेतला की त्या जागी भोक दिसतं. तू ज्याला 'फुसका' म्हणतोयस त्यातलं काही हेच भोक आहे. पूर्वी मूकपटांना थिएटरात पडद्यापाशी पेटी-तबलावाले बसायचे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आपल्या फाळक्यांचे चित्रपट लोकांनी तसेच बघितले. त्या पेटीवाल्याला घरी बोलावून नुसती पेटी ऐकली असती तर तीही फुसकीच वाटली असती.

आता तुझ्या बोअर होण्याबद्दल. वेड ओसरत नाहीये रे, तू त्याची वाट लावतोयस. २०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी आवडतं संगीत ऐकताना मेंदूत काय होतं ते तपासलं होतं. काटा येतो त्या क्षणी डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन, स्रवतं हे तर दिसलंच, पण त्याच्या आधीच्या काही सेकंदांत, म्हणजे आता तो क्षण येणार अशी वाट बघतानाही ते स्रवतं, आणि मेंदूच्या वेगळ्या भागात. थोडक्यात, निम्मी मजा वाट बघण्यात. तू काय करतोस? रील्सवरचे तीस सेकंदांचे कटही ऐकत असशील, थेट उसळीपासून सुरू होणारे. वाट बघणंच काढून टाकलंस. वर अलार्मला लावलास! रोज सकाळी सहाला ज्या आवाजाने झोपमोड होते त्याच्यावर प्रेम टिकणार कसं? मीही एकदा अशीच एक आवडती धून फोनची रिंगटोन केली होती. बँकेच्या कर्जवाल्यांचे फोन त्याच धूनवर यायला लागले. आज सात वर्षं झाली, ती लागली की मी फोन शोधते.

आता थोडं शांततेबद्दल, कारण माझ्या मते अर्धं पार्श्वसंगीत हे संगीत नसण्याचंच असतं. सैराट तू बघितलाच असशील, २०१६ चा. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता. पहिल्या भागात ती व्हायोलिनं आपल्याला अक्षरशः उचलून नेतात. आणि शेवटी काय? ते लहान मूल चालत बाहेर येतं तेव्हा काहीच नाही. एवढा ताफा हाताशी असताना तिथे एक सूरही वाजत नाही. त्या शांततेने थिएटरात लोक खुर्चीला खिळून बसलेले मी पाहिलेत. पण ती शांतता तशी लागते, कारण आधी तास-दीड तास कान संगीताने भरलेले होते. नुसती शांतता ऐकून बघ घरी, ती शांतता नसते, पंख्याचा आवाज असतो.

गर्दीचा मुद्दा मी थोडक्यात उरकते, कारण तिथे माझंही ठाम मत नाही. पहिल्या दिवशीच्या शोला शिट्ट्या, आरोळ्या, हिरो आला की उडणारे कागद यांनी अंगात वारं शिरतं हे खरं. आपल्या मालेगावात तर २०२३ मध्ये थिएटरात फटाके फुटले होते. तो वेडेपणाच, त्यात एखाद दिवशी कुणाचा जीव जायचा. पण शंभर माणसं एकदम श्वास रोखतात तेव्हा आपलाही रोखला जातो, आणि ते घरी मिळणार नाही. काहींना उलट गर्दीचा त्रास होतो, त्यांना सोमवारच्या दुपारच्या रिकाम्या शोलाच काटा येतो. तू कुठल्या गटातला ते तूच बघ. एकच चित्रपट दोन्ही वेळा बघितलास तर लगेच कळेल.

मग करायचं काय? मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना जे करायला लावते तेच तुला सांगते. एक शंभर पानी वही घे. आवडत्या चित्रपटातला दहा मिनिटांचा तुकडा निवड, जास्त नको. आधी नेहमीसारखा बघ. मग डोळे मिटून ऐक. मग आवाज पूर्ण बंद करून बघ. नंतर वही घेऊन बस आणि फक्त दोन गोष्टी लिही: संगीत कुठे आलं आणि कुठे गेलं. नाटकाच्या संहितेत आम्ही समासात 'म्युझिक इन' आणि 'म्युझिक आउट' लिहितो, तसंच. माझ्या जुन्या संहितांच्या समासात लाल पेन्सिलीने असलंच काहीबाही सापडतं: "आईच्या 'बस' नंतर तीन मोज, मग इन." "दार लागल्याच्या आवाजाखाली इन, कळता कामा नये." "इथे आउट. विंगेतून कितीही खुणा केल्या तरी आउट."

लिहायला बसलास की पहिल्याच दिवशी तुला गंमत कळेल: संगीत गेलं कधी हे सापडतं, आलं कधी हे सापडत नाही. कारण ते कशाच्या तरी आडून येतं. दाराचा आवाज, गाडीचा हॉर्न, कुणाचं तरी हसणं, त्याच्या पोटात पहिला सूर लपवलेला असतो. दहा सेकंदांनी तुला जाणवतं की वाजतंय, तोवर त्याने तुझा ताबा घेतलेला असतो. ती जागा शोधून काढायला मला कधी कधी एकच मिनिट वीसदा मागे-पुढे करावं लागतं.

सुरुवात शोलेतल्या बसंतीच्या टांग्याच्या पाठलागापासून कर. मागे डाकू, पुढे धन्नो, आणि संगीत म्हणजे जवळपास नुसता तबला. वाजवलाय पंडित सामता प्रसाद यांनी. व्हायोलिनं नाहीत, ब्रास नाही, छाती धडधडवणारा खर्जही नाही. पहिल्यांदा तबला ऐक, दुसऱ्यांदा टापा ऐक, तिसऱ्यांदा टापा कुठे संपतात आणि तबला कुठे सुरू होतो ते ऐक. हे मोबाइलच्या स्पीकरवरही जमतं, म्हणून मुद्दाम हेच सांगतेय.

हे जमलं की मग तुझ्या आवडीच्या मोठ्या चित्रपटांकडे वळ. २०१० च्या इन्सेप्शनमधला तो ब्रासचा प्रचंड हुंकार घे, ज्याची नंतर प्रत्येक ट्रेलरने नक्कल केली. चित्रपटात स्वप्नातून जागं व्हायची खूण म्हणून एडित पियाफचं एक जुनं फ्रेंच गाणं वाजतं. चित्रपटाचा संगीतकार हान्स झिमरने तेच गाणं अतिशय संथ केलं आणि त्यातून तो हुंकार काढला. म्हणजे खूण आणि हुंकार एकाच घरचे. हे माहीत झाल्यावर चित्रपट पुन्हा बघ आणि ट्रॅक नंतर ऐक. फुसका वाटतो का ते मला कळव.

आता सबवूफर. घेऊ नकोस असं म्हणत नाही, पण आधी दोन महिने वही भर. आणि घ्यायचाच असेल तर खोली बघून घे. सिडकोतल्या घराची खोली साधारण दहा बाय दहा धरू, म्हणजे तीन मीटर. ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लाटच साडेआठ मीटरची असते. लहान खोलीत खर्ज भिंतींवर आपटून उलटा येतो, कुठे दुप्पट होतो, कुठे स्वतःलाच खाऊन टाकतो. तीन मीटरच्या खोलीत साधारण ५७ हर्ट्झला भिंतीशी घुमारा उठेल आणि बरोबर मध्ये बसलास तर तोच सूर गायब. या किमतीतले छोटे सबवूफर तसेही ५० हर्ट्झच्या खाली फार काही देत नाहीत. मग मध्यभागी पलंगावर बसून तू म्हणशील, पैसे वाया गेले. तेवढ्याच पैशांत कान झाकणारा बरा हेडफोन मिळतो, वायरचा घे. छाती हलणार नाही, पण संगीत आत कुठून शिरतं ते ऐकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आवाज मात्र बेताचा ठेव. मी सात वर्षं पथकात ताशा वाजवला, कानात बोळे न घालता. उजव्या कानात अजून शिट्टी वाजते, रात्री जास्त.

तरीही सबवूफर आणलासच, तर तो कुठे ठेवायचा हे शोधायची एक जुनी युक्ती आहे. तू जिथे बसणार त्या खुर्चीवरच सबवूफर ठेव, ढोलाचा एखादा ठेका लाव आणि खोलीभर भिंतीकडेने रांगत फीर. जिथे खर्ज भरदार पण स्वच्छ ऐकू येईल तिथे खूण कर, सबवूफरची जागा ती. घरचे विचारतील काय चाललंय, काहीतरी सांग. फक्त ती खूण शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला लागून आली तर दुसऱ्या नंबरची जागा निवड.